आवाजाचा क्लेम नामंजूर : मूकनायकाच्या वारसांना काही प्रश्न



विमा कंपनीचं पत्र आलं तेव्हा त्यात चारच ओळी होत्या. आम्ही मागितलेली वस्तू ‘उपचार’ या व्याख्येत बसत नाही. ती शैक्षणिक आणि वैयक्तिक सोयीची वस्तू आहे. पॉलिसीतल्या अपवादांच्या कलमानुसार दावा नामंजूर करण्यात येत आहे. चौथ्या ओळीत आभार होते. खाली सही नव्हती. संगणकावर तयार झालेल्या पत्राला सहीची गरज नसते, असं मात्र छापलेलं होतं.

ती ‘वैयक्तिक सोयीची वस्तू’ म्हणजे आमच्या आठ वर्षांच्या लेकीचा आवाज.

हा लेख आम्ही दोघं नवरा-बायको मिळून लिहीत आहोत. सहानुभूती मिळावी म्हणून नाही. ती आम्हाला भरपूर मिळते, आणि तिचं काय करायचं हा आमच्यापुढचा जुनाच प्रश्न आहे. लिहितोय ते यासाठी की या दोन वर्षांत आम्हाला विमा म्हणजे काय, हक्क म्हणजे काय आणि आपल्या चळवळीत कोण अजून दाराबाहेर उभं आहे, हे नव्यानं कळलं.

तीन रात्री

आमच्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. हात, पाय, मान यांच्या स्नायूंवर तिचा ताबा नीट राहत नाही. जीभ, ओठ आणि घसा यांच्यावर तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे शब्द तयार होत नाहीत. पण तिला कळतं सगळं. आजी कोणत्या गोळ्या विसरली, बापाचा पगार कधी होतो, कोण पाहुणा आला की आईचा चेहरा पडतो, हे सगळं तिला कळतं. कळणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आम्हाला कळायलाच चार वर्षं गेली, मग लोकांना काय दोष द्यायचा?

ती पाच वर्षांची असताना सलग तीन रात्री रडली. आम्ही पोट शेकलं, पाळण्यात घातलं, दुसऱ्या रात्री वैतागून ओरडलोही. शेजारच्या आजीने मीठ-मिरच्या उतरवायला सांगितल्या. चौथ्या दिवशी कानातून पू आला. डॉक्टर म्हणाले, तीन दिवसांपूर्वी का नाही आणलं? काय सांगणार? लेकीला कान होता, दुखणं होतं, अक्कल होती. ‘कान’ म्हणायचं साधन नव्हतं.

त्यानंतर स्पीच थेरपिस्टने आधी पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून दिली : पाणी, भूक, शी, दुखतंय, नको. लेक डोळ्यांनी आणि मुठीने दाखवायला लागली. मग सात महिने वेगवेगळी साधनं वापरून बघितली आणि थेरपिस्टने लिहून दिलं की हिला बोलणारं यंत्र लागेल. म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नव्हे. एक टॅबलेट, त्यात चित्रांचं आणि शब्दांचं ॲप, टॅबलेट खुर्चीला बसवायचा दांडा, आणि स्क्रीनवर ठेवायची भोकं पाडलेली प्लास्टिकची जाळी, म्हणजे थरथरणारा हात चुकीच्या चित्रावर पडत नाही. चित्र दाबलं की यंत्र शब्द बोलतं. दोन-तीन चित्रं दाबली की वाक्य होतं.

असली ॲप भारतातही तयार होतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे आणि मराठीतही आहे. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ अनेक शाळांत वापरलं जातं. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी आजच माहिती घ्यावी. ‘यंत्राची सवय लागली तर मूल बोलायचा प्रयत्न सोडून देईल’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नये. आजवरच्या संशोधनातून असं नुकसान दिसलेलं नाही. उलट काही मुलांचं तोंडी बोलणंही वाढलेलं दिसतं.

सगळा हिशोब झाला ४२ हजार रुपये. आमच्यापैकी एक जण कारखान्यात कायम कामगार. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम पॉलिसी, त्याचा हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जातो. नऊ वर्षांत आम्ही एकच क्लेम केला होता, बाळंतपणाचा. म्हणून कागद जोडले, अर्ज टाकला. पुढचं वर आलंच आहे.

पैसे घेऊन नाकारणं

पत्र वाचून पहिल्यांदा आम्हाला आठवला तो ‘मूकनायक’. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी हे पाक्षिक सुरू केलं. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले. त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता, पैसे देऊ केले असतानाही. हा प्रसंग आपण दरवर्षी भाषणात सांगतो. टाळ्या पडतात. पण त्याचा अर्थ नीट बघा. ज्यांच्यासाठी मूकनायक निघालं त्या लोकांना जीभ होती. ते शेतात, गिरणीत, चावडीवर बोलत होते. त्यांच्याकडे नव्हतं ते माध्यम. त्यांचं म्हणणं ऐकणाऱ्यापर्यंत नेणारं साधन दुसऱ्याच्या ताब्यात होतं, आणि तो पैसे घेऊनही ते द्यायला तयार नव्हता.

आमच्या लेकीचं आणखी वेगळं काय आहे? तिच्या बाबतीत जीभ चालत नाही, एवढंच. बाकी सगळं तेच. म्हणणं आहे, माध्यम नाही. माध्यमासाठी आपण पैसे भरले आहेत. भरून घेणारा म्हणतो, ही तुमची सोय आहे, गरज नाही.

मुका माणूस नसतो, मुकं ठेवलेलं असतं, हा मूकनायकाचा धडा आहे. तो जातीला लावायला आपण शिकलो. तो अपंगत्वाला लावायला अजून शिकलेलो नाही.

बाबासाहेब आणि विमा

विमा हा बाजारातला सौदा आहे, कागदावर लिहिलंय तेवढंच मिळणार, त्यात रडायचं काय, असं आम्हाला आपल्याच एका शिकलेल्या कार्यकर्त्याने ऐकवलं. त्या मित्राला आम्ही ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ पुन्हा उघडायला सांगितलं.

१९४७ साली संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या त्या निवेदनात बाबासाहेबांनी शेती आणि मूलभूत उद्योगांबरोबर विमासुद्धा राज्याच्या मालकीचा असावा, अशी मागणी केली आहे. इतकंच नाही, तर प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा घेणं सक्तीचं असावं, असं मांडलं आहे. कारणं दोन दिली आहेत. एक, राज्य पाठीशी असल्यावर माणसाला जास्त सुरक्षितता मिळते. दोन, त्यातून जमणारा पैसा राज्याला आर्थिक नियोजनासाठी मिळतो. म्हणजे बाबासाहेबांच्या लेखी विमा हा नफ्याचा धंदा नव्हता. सगळ्यांनी मिळून एकेकाचं संकट उचलायची ती व्यवस्था होती. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया घालण्याचं काम त्यांच्याच काळात झालं. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला.

नंतर काय झालं ते आपल्याला माहीत आहे. १९५६ मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वसाधारण विम्याचंही झालं, आणि १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना दार उघडलं.

पण इथे आपण स्वतःशी प्रामाणिक राहायला हवं. खाजगीकरणाला शिव्या घालून हा लेख संपवणं सोपं आहे. आम्ही सरकारी मालकीच्या विमा कंपन्यांच्या पॉलिसीही मिळवून वाचल्या. अपवादांची यादी तिथेही जवळपास तशीच : चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, घरी वापरायची उपकरणं. मालकी बदलली म्हणून यादी आपोआप बदलत नाही. यादी कोण लिहितो, आणि लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे कोणतं शरीर असतं, हा खरा प्रश्न आहे. त्या यादीपुढे आहे तो धडधाकट माणूस, जो अधूनमधून आजारी पडतो, दवाखान्यात भरती होतो, बरा होऊन कामावर जातो. जो कधीच ‘बरा’ होणार नाही, पण त्याला जगायचं आहे, शिकायचं आहे, भांडायचं आहे, तो माणूस त्या यादीत माणूस म्हणून नाहीच.

‘सोयीची वस्तू’ हा शब्द बदलता येतो

अमेरिकेतल्या सरकारी ‘मेडिकेअर’ विम्यातही बोलणाऱ्या यंत्राला बरीच वर्षं सोयीची वस्तू म्हणूनच नाकारलं जात होतं. अपंग माणसं, त्यांची कुटुंबं आणि वाचा-उपचारतज्ज्ञ भांडले. २००१ पासून तिथे हेच यंत्र टिकाऊ वैद्यकीय उपकरण मानलं जातं आणि विम्यातून मिळतं. पुढे नियम पुन्हा आवळले गेले तेव्हा २०१५ मध्ये स्टीव्ह ग्लीसन यांच्या नावाने कायदा झाला. ग्लीसन फुटबॉल खेळाडू. मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांची वाणी गेली आणि ते डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या यंत्राने बोलतात. अमेरिका काही समतेचा स्वर्ग नाही. मुद्दा एवढाच की यंत्र तेच होतं, माणसं तीच होती, फक्त व्याख्या बदलली. व्याख्या बदलायला लावली.

आपल्याकडे तर व्याख्या कायद्यातच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत बोलण्याला पूरक आणि पर्यायी पद्धती स्पष्टपणे येतात. कलम १७ सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांना सांगतं की वाचा आणि भाषेची अडचण असलेल्यांसाठी अशा पद्धतींच्या वापराला चालना द्या, आणि ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत आवश्यक ती साहाय्यक उपकरणं मोफत द्या. संविधानाचं कलम ४१ आजार आणि अपंगत्वाच्या वेळी सरकारी मदतीच्या हक्काबद्दल बोलतं. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिव्यांगांसाठी आरोग्य विमा उपलब्ध करायला सांगितलं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना अशा पॉलिसी काढायचा आदेश दिला. दार किलकिलं झालंय. पण पॉलिसी देणं आणि पॉलिसीत गरजेची गोष्ट बसवणं यात अंतर आहे. मंदिराचं दार उघडून पाण्याला हात लावू न देण्यासारखंच ते आहे.

आम्ही काय केलं

तरुण मित्रांना उपयोग व्हावा म्हणून क्रमाने लिहितो.

नकार लेखी मागितला. तोंडी ‘होत नाही’ याला किंमत नसते. मग कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे अर्ज केला. सोबत थेरपिस्टचा अहवाल दिला : कोणती साधनं वापरून पाहिली, कशाने काय जमलं नाही, या यंत्राने काय जमलं, आणि यंत्र नसेल तर तब्येतीला धोका काय. कानाच्या त्या तीन रात्रींचा केसपेपर जोडला. पुन्हा नकार आला. मग विमा लोकपालांकडे गेलो. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आपणच बोलायचं असतं. आम्ही बोललो. लेकीला सोबत नेलं होतं. तिने उधार आणलेल्या टॅबलेटवर स्वतःचं नाव आणि ‘मला बोलायचं आहे’ असं दाबून ऐकवलं. ऐकणाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. निकाल आमच्या विरोधात गेला, कारण पॉलिसीत ते कलम स्पष्ट शब्दांत होतं.

त्या दिवशी घरी येताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. भांडण क्लेमशी नव्हतंच, कलमाशी होतं. आणि ग्रुप पॉलिसीचं कलम दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी ठरतं. ते ठरवतात कारखान्याचं व्यवस्थापन आणि विमा कंपनी. युनियन त्या टेबलावर बसू शकते.

युनियनच्या कमिटीत विषय मांडला तेव्हा एक जण म्हणाला, एका पोरीसाठी सगळ्यांचा हप्ता कशाला वाढवायचा? आम्ही उत्तर द्यायच्या आत मागून एक जुने कामगार उठले. त्यांच्या घशाचा कॅन्सर झाला होता, स्वरयंत्र काढलं होतं. बोलता येत नव्हतं. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं : मला पण. गळ्याला लावून बोलायचं यंत्र त्यांनाही डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेही विम्याने नाकारलं होतं, आणि लाजेपोटी त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मग एकाने वडिलांच्या श्रवणयंत्राचं सांगितलं, एकाने बायकोच्या चाकाच्या खुर्चीचं. अर्ध्या तासात ‘एक पोरगी’ अकरा माणसं झाली.

पाच महिने लागले. शेवटी नव्या वर्षाच्या पॉलिसीत साहाय्यक उपकरणांसाठी कुटुंबामागे ३० हजारांपर्यंतची तरतूद आली, त्यात बोलण्याची यंत्रं नाव घेऊन लिहिली गेली. माणशी हप्ता महिन्याला ११ रुपयांनी वाढला. तो वाढवा म्हणून हात वर करणाऱ्यांत सगळ्या जातींचे कामगार होते.

आमचं यंत्र आम्ही तोवर भिशीच्या पैशांतून घेतलं होतं. जुन्या खरेदीला नवा नियम लागू नाही. म्हणजे ज्या क्लेमसाठी भांडलो तो आम्हाला कधीच मिळाला नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलायचं.

याशिवाय दोन गोष्टी. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण देते. त्यात थेरपीचा खर्चही मिळतो. आमच्या वस्तीत ती कुणालाच माहीत नव्हती. आणि महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांना दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो. तो कुठे गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

आपल्या घरातला प्रश्न

आता थोडं कडू बोलायचं आहे.

लेक जन्मली तेव्हा एका नातेवाईक बाईने सांगितलं, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल. त्या बाई बौद्ध. घरात बाबासाहेबांचा फोटो, रोज त्रिसरण. मागच्या जन्मीच्या पापाने या जन्मीचं दुःख, हाच तो कर्मविपाक, ज्याच्या जोरावर आपल्या आज्या-पणज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं गेलं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी हाच सिद्धांत नाकारला. जातीच्या बाबतीत आपण तो टाकला. अपंग लेकराच्या बाबतीत मात्र तो अजून आपल्या ओसरीवर बसलेला आहे.

जयंतीच्या व्यासपीठावर चढायला उतार नसतो. चाकाची खुर्ची आली की लोक उचलून वर ठेवतात आणि फोटो काढतात. भाषणात ‘मुका-बहिरा समाज’ हा शिवीसारखा वापरला जातो, आणि समोर आमची लेक बसलेली असते. तिला ऐकू येतं. तिला कळतं.

आणि भाषेचा प्रश्न तर आपलाच आहे. यंत्रातल्या तयार शब्दपेटीत आम्ही जेवणाचं पान उघडलं. पोळी होती, वरण-भात होता, श्रीखंड होतं. भाकर नव्हती. सुकट नव्हती. भेटल्यावर म्हणायचं पान उघडलं, तिथे नमस्कार होता. आमच्या लेकीने जगात पहिल्यांदा तोंड उघडायचं आणि ते दुसऱ्याच्या घरातल्या शब्दांनी? आम्ही फोटो काढले, शब्द टाकले, आपल्याच आवाजात भरले. पहिल्या पानावर, ‘पाणी’ आणि ‘दुखतंय’ यांच्या शेजारी, निळ्या चौकटीत ‘जय भीम’ आहे. ती ते दिवसातून चाळीसदा दाबते. पोस्टमनला, कुत्र्याला, टीव्हीतल्या बातमीदाराला.

सगळ्यात जास्त ती दाबते ते मात्र ‘नको’. औषध नको, अभ्यास नको, या पाहुण्यांच्या मांडीवर नको. आम्हाला सुरुवातीला राग यायचा. आता कळतं. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याबरोबर जग काय वाट्टेल ते करतं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचं मागणं सरळ आहे. आपल्या वस्तीत न बोलणारी किती लेकरं आहेत, याची यादी करा. त्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र, निरामयची नोंदणी, शाळेकडचा कलम १७ चा अर्ज, हे फॉर्म त्यांच्या आईबापांसोबत बसून भरा. युनियन, पतपेढी, कर्मचारी संघटना जिथे असाल तिथे ग्रुप पॉलिसीची अपवादांची यादी मागून वाचा. आणि राजकीय पक्षांना विचारा, की आरोग्य विम्यात साहाय्यक उपकरणं सक्तीने यावीत ही मागणी तुमच्या जाहीरनाम्यात का नाही.

नव्या कलमाखाली पहिला क्लेम मंजूर झाला तो त्या जुन्या कामगारांचा. ते आपल्या समाजाचे नाहीत. यंत्र हातात आलं त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. पलीकडून घरघरता, एकाच सुरातला आवाज आला. त्यांनी आमच्याशी बोलायचं नव्हतंच. म्हणाले, पोरीला फोन द्या.

आम्ही फोन यंत्राजवळ धरला. लेकीने निळी चौकट दाबली.

पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग तोच घरघरता आवाज आला : जय भीम, बाळा.